तुमचे प्रश्न : भिंतीवरची बुरशी, कपाटातला वास

जून संपता संपता पत्रांचा विषय बदलतो हे मी दरवर्षी बघते. मे महिन्यात सगळे उन्हाबद्दल विचारतात आणि आता डोंबिवली काय, दापोली काय, सावंतवाडी काय, सगळीकडून एकच, ताई भिंत काळी पडलीये, ताई कपाट उघडलं की कुबट वास येतो, ताई साडीवर पांढरं पांढरं आलंय. म्हणून या महिन्याचं सदर मी पूर्ण बुरशीलाच दिलंय. गळक्या घरांची कामं करण्यात माझी बरीच वर्षं गेलीत, ओल्या भिंतीला हात लावला की अजून माझा जीव तिथेच अडकतो, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत, सांभाळून घ्या.

एकच गोष्ट आधी सांगते. बुरशीचे कण हवेत कायम असतात, घर आरशासारखं ठेवलंत तरी असतात. त्यांना खायला धूळ, कागद, लाकूड, कातडं, कपड्याची खळ काहीही चालतं आणि हे सगळं घरात असणारच. आपल्या हातात राहतं ते पाणी. त्यामुळे मला कुणीही बुरशीबद्दल विचारलं की मी उलट विचारते, पाणी कुठून येतंय?

ठाण्याच्या ताईंचं पत्र पहिलं घेते, कारण ते मागे ठेवण्यासारखं नाहीये.

प्रश्न (ठाणे) : बाथरूमच्या टाइल्सच्या फटीत काळं बसलं होतं. ब्लीच टाकलं, निघेना म्हणून त्यावर टॉयलेट क्लीनर ओतला. दोन मिनिटांत डोळे आणि घसा असा झोंबला की मी बाहेर पळाले. दोन दिवस खोकत होते. काय चुकलं?

ताई, बाहेर पळालात हे फार बरं केलंत. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं आणि टॉयलेट क्लीनरमध्ये अ‍ॅसिड, दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. तोच तुमच्या घशाला लागला. छोट्या बंद बाथरूममध्ये हा प्रकार जिवावर बेतू शकतो, हे मी घाबरवायला म्हणत नाहीये. ब्लीच कशातच मिसळायचं नाही, अ‍ॅसिडमध्ये नाही, व्हिनेगरमध्ये नाही, अमोनियावाल्या काच पुसायच्या लिक्विडमध्ये पण नाही, फक्त साधं गार पाणी. असं परत कधी झालंच तर सगळं तिथंच टाकून मोकळ्या हवेत या, डोळे पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा, आणि बरं वाटलं तरी त्या दिवशी लक्ष ठेवा, धाप कधी कधी काही तासांनी सुरू होते, तशी वाटली तर सरळ हॉस्पिटल गाठा.

आणि खरं सांगू का, टाइल्सच्या फटींना रोज ब्लीच लागतच नाही. भांड्याचा साबण, जुना टूथब्रश, आणि घासून झाल्यावर फरशी-भिंत वायपरने कोरडी करणं. तुमच्या पत्रात पुढे आहे की एक्झॉस्ट फॅन वर्षभर बंद आहे. तो आधी दुरुस्त करा ना ताई! अंघोळ झाल्यावर अर्धा तास फॅन चालला तर निम्मं काम तिथंच होतं.

प्रश्न (डोंबिवली) : बेडरूममध्ये कपाटामागची भिंत काळी पडते. दोन वर्षांत दोनदा रंग काढला. दुसऱ्या वेळी पेंटरने महागातला डॅम्पप्रूफ रंग लावला, गॅरंटी दिली, आठ महिन्यांत फुगे येऊन पोपडे निघाले. आता तिसऱ्यांदा कुठला रंग लावू?

कुठलाच नको दादा. निदान या दिवाळीपर्यंत तरी नको.

तुमच्यासारखी पत्रं सगळ्यात जास्त येतात आणि पैसे पण इथंच सगळ्यात जास्त वाया जातात. ओल्या भिंतीवर रंग म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट चढवल्यासारखं आहे, आतलं पाणी आतच राहतं, ते बाहेर यायची वाट शोधतं आणि रंगाला ढकलून फुगा करतं. तो फुगा फोडून बघा, आत पाणी नाहीतर पांढरी पावडर सापडेल. ती पावडर म्हणजे लोणा, भिंतीतल्या पाण्याबरोबर वर आलेले क्षार. बुरशी चोळली की चिकटते आणि कुबट वास येतो, लोणा कुरकुरीत लागतो, पाण्यात विरघळतो आणि त्याला वास नसतो. हे नक्की बघा, कारण लोणा दिसला की पाणी भिंतीच्या आतून येतंय हे जवळजवळ ठरलंच.

आता एक सोपी टेस्ट करा, खर्च शून्य. कपाट पुढे ओढा. भिंतीचा एक वीतभर तुकडा कापडाने कोरडा पुसून घ्या आणि त्यावर स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा चौकोन चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, हवा जायला नको. दोन दिवस हात लावू नका. मग काढून बघा. फॉइलच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. आतून कोरडं आणि बाहेरून, खोलीच्या बाजूला दव असेल तर खोलीतल्या हवेचंच पाणी गार भिंतीवर बसतंय. दोन्हीकडे असेल तर दोन्ही. मी आधी हे फॉइल लावते आणि मगच कुणाला तोडफोडीचं बोलते.

तुम्ही लिहिलंय की भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे आणि डाग जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंतच आहेत. मला संशय नहाणी ट्रॅपचा, म्हणजे पाणी निचऱ्याच्या जाळीखालच्या भांड्याचा, किंवा टाइल्सच्या सांध्यांचा येतो. तो असा तपासायचा : नळाचं पाणी दोन दिवस बंद ठेवून, बाथरूम न वापरता (शेजाऱ्यांकडे अंघोळी करा, दुसरा उपाय नाही) ओल कमी होते का बघा. मग नहाणीचं तोंड बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी २४ तास साठवा. ओल वाढली तर जमिनीच्या वॉटरप्रूफिंगला किंवा ट्रॅपला गळती आहे. पाणी न साठवता नुसता नळ चालू केल्यावर वाढली तर पाइप. प्लंबरला 'ओल आहे बघा' एवढंच सांगू नका, हे सगळं सांगा, नाहीतर तो अंदाजाने टाइल फोडायला घेईल.

डाग जर वरून, छताच्या कोपऱ्यातून उतरत असते तर गोष्ट वेगळी झाली असती. सोसायट्यांचे जे आदर्श उपविधी, म्हणजे नमुना नियम आहेत त्यांत पावसाच्या पाण्याची गळती, गच्ची, बाहेरचे सामाईक पाइप हे सोसायटीच्या खर्चात येतं आणि वरच्या घराच्या टॉयलेट-सिंकची गळती त्या सभासदाच्या खर्चात. तोंडी भांडत बसू नका, फोटो तारखेसकट काढा आणि सेक्रेटरीला लेखी पत्र देऊन पोच घ्या. भांडणं मी खूप बघितलीत, पोच असलेला माणूस लवकर सुटतो.

गळती बंद झाल्यावर मऊ झालेला गिलावा खरवडून काढायचा, विटेपर्यंत जायला लागलं तरी जायचं, आणि मग थांबायचं. भिंत वाळायला अंदाजे इंचाला एक महिना धरतात. सहा इंची भिंत असेल तर सहा महिने. हे ऐकून सगळे नाराज होतात, मला माहितीये, पण गणपतीला घर चांगलं दिसावं म्हणून ओल्या भिंतीला रंग काढायचा आणि संक्रांतीला परत पोपडे मोजायचे यापेक्षा गणपतीत तिथे एक चादर टांगलेली परवडली. आणि कपाट परत लावाल तेव्हा भिंतीपासून किमान तीन इंच लांब.

प्रश्न (पनवेल) : स्वयंपाकघराच्या भिंतीवर काळी बुरशी आहे. मिस्टरांना डायबेटीस आहे. ही तीच कोविडमधली काळी बुरशी का? रात्र रात्र झोप लागत नाही.

वहिनी, ती ही नव्हे. २०२१ मध्ये जी म्युकरमायकोसिसची साथ आली, महाराष्ट्रात फार मोठ्या प्रमाणात आली, त्या आजाराला 'काळी' म्हणायला लागले ते आजारात पेशी मरून काळ्या पडतात म्हणून. बुरशीच्या रंगावरून ते नाव पडलेलं नाही. आपल्या भिंतींवर काळं दिसतं त्या बहुतेक वेळा वेगळ्या जाती असतात आणि नुसत्या रंगावरून कुठली घातक हे कुणालाच सांगता येत नाही. तेव्हाचे बरेचसे पेशंट असे होते की ज्यांची शुगर खूप वाढलेली होती आणि कोविडसाठी स्टिरॉइड चालू होती.

तरी दोन गोष्टी करा. मिस्टरांना ती भिंत साफ करायला लावू नका, तुम्ही किंवा घरातलं दुसरं कुणी तब्येतीने ठीक असलेलं माणूस करा, त्या वेळी त्यांनी दुसऱ्या खोलीत, दार लावून. आणि त्यांची शुगर शेवटची कधी तपासली ते बघा. तुमच्या पत्रात ते कुठेच नाहीये.

साफ कसं करायचं ते इथंच सांगते म्हणजे सगळ्यांना उपयोगी पडेल. डाग तीन बाय तीन फुटांपेक्षा कमी असेल तर घरी करता येतं, जास्त असेल तर माणूस बोलवा. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा. खोलीचं दार बंद, खिडकी उघडी, पंखा बंद, हे पंख्याचं सगळे विसरतात आणि कण घरभर उडवतात. कोरड्या झाडूने खरवडायचं नाही. साबणाच्या पाण्याने आधी भिजवून, मग पुसून, फडकं कचऱ्यात. ऑइल पेंट, टाइल, काच यावरची बुरशी अशी निघते. डिस्टेंपर किंवा साध्या गिलाव्यात ती आत शिरलेली असते, तिथं वरून ब्लीच मारलं तर रंग उडून भिंत पांढरी दिसते, तुम्हाला वाटतं गेली, आणि ब्लीचमधलं पाणी भिंतीने पिऊन घेतलेलं असतं. जिप्समच्या फॉल्स सीलिंगला लागली असेल तर तेवढा तुकडा कापून बदलावा लागतो, त्याच्यावरचा कागद हेच तिचं खाणं आहे.

प्रश्न (दापोलीजवळचं गाव) : आमचं जांभ्याचं घर सासऱ्यांच्या वेळचं. मुलांनी चार वर्षांपूर्वी आतबाहेर सिमेंटचा गिलावा केला, वर चकचकीत रंग लावला. तेव्हापासून घराला ओल आहे. आधी एवढी कधीच नव्हती. मुलं म्हणतात पाऊस वाढला.

आजी, तुमचं बरोबर आहे. पावसावर ढकलण्याआधी मुलांना हे वाचून दाखवा.

जांभा चिरा म्हणजे छिद्राछिद्रांचा दगड, तो पाणी पितो. आपल्या जुन्या लोकांना हे माहीत होतं, म्हणून चुन्याचा गिलावा असायचा. चुना पाणी आत घेतो आणि उघडीप मिळाली की परत सोडतो, भिंत श्वास घेते म्हणतात ते हेच. शिवाय चुना इतका तिखट, म्हणजे अल्कली असतो की ताज्या सफेदीवर बुरशीला सहज बसता येत नाही. दरवर्षी गणपतीच्या आधी सफेदी काढायची पद्धत होती ती दिसायला तर चांगलीच, पण भिंतीचं वर्षाचं औषध पण तेच होतं. सिमेंट आणि प्लास्टिकसारखा रंग लावला की भिंतीचं तोंड शिवल्यासारखं होतं. पाणी जोत्यातून वर चढतं, बारीक भेगांतून आत जातं, बाहेर पडायला जागा नाही.

सगळा गिलावा लगेच फोडा असं मी म्हणणार नाही, खर्च मोठा आहे. आधी बाहेर जा आणि घराला एक फेरी मारा, पाऊस चालू असतानाच मारा, छत्री घेऊन. पागोळ्या कुठे पडतात बघा. पागोळीचं पाणी जोत्याशीच पडून भिंतीवर उडत असेल तर पन्हळ लावा किंवा खाली खडीचा पट्टा टाका म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. अंगणातली माती वर्षानुवर्षं भर घालून जोत्याच्या वर आलीये का? कोकणात हे मी फार ठिकाणी बघितलंय, बागेची माती भिंतीला टेकलेली आणि घरात ओल. ती माती वीतभर खाली घ्या आणि उतार घरापासून लांब करा. पश्चिमेच्या भिंतीला पूर्वी नारळाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं बांधायचे, झड थेट भिंतीवर बसू नये म्हणून. आता ताडपत्री बांधतात, बांधा, पण भिंतीला चिकटवून बांधू नका, हातभर पुढे, मधून वारा गेला पाहिजे.

पाऊस गेल्यावर, अश्विनात, आतल्या बाजूचा खालचा साडेतीन-चार फुटांचा पट्टा तेवढा फोडून चुन्याचा गिलावा करून घ्या. जोत्यातून चढणारी ओल साधारण तेवढीच चढते. चुन्यात काम करणारा गवंडी हल्ली शोधावा लागतो, मिळाला तर त्याच्याजवळ एक तरुण मुलगा शिकायला उभा करा, ही विद्या गावातून जायला नको असं मला मनापासून वाटतं.

आणि आजी, तुम्ही लिहिलंय चूल होती तेव्हा माळा कोरडा असायचा. असायचाच. रोजची ऊब आणि धूर, बियाणं, सुके मासे, आमसुलं सगळं त्याच्यावर टिकायचं. आता त्याच आठवणीने बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून भिंत वाळवायला जाऊ नका. पत्रात तसा विचार दिसतोय म्हणून सांगते, त्या कोळशाच्या वायूला वास नसतो आणि झोपेत माणूस जातो.

प्रश्न (वाशी) : पावसात खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद? सासूबाई म्हणतात हवा खेळू दे, मी म्हणते बाहेरची हवाच ओली आहे.

दोघी बरोबर आहात, दिवस बघून ठरवायचं. जुलैत संततधार लागलेली असताना बाहेरची हवा पाण्याने भरलेली असते, ती घरात घेऊन काहीच वाळत नाही. खिडकीतून वाळवण्याचं काम होतं ते उघडीप पडल्यावर, ऊन आलं की. तेव्हा सगळं उघडा, कपाटांची दारंसुद्धा.

तुमच्याकडे एसी पण आहे आणि खरी गोम तिथे आहे. रात्रभर एसी २१ वर, भिंती गार झाल्या, सकाळी एसी बंद आणि खिडक्या सताड उघड्या. बाहेर २८ डिग्री आणि चिंब हवा, ती गार भिंतीला लागली की गार पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो तसा भिंतीला येतो. रोज सकाळी तुम्ही भिंत स्वतः भिजवताय. एसी २६-२७ वर ठेवा, पावसात ड्राय मोड वापरा, बंद केल्यावर तासभर खिडकी उघडू नका, नुसता पंखा चालू द्या.

दीड-दोनशे चौरस फुटांच्या खोलीत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र, चांगला चालतो, पण खिडकी-दार बंद ठेवून, नाहीतर तो सगळ्या नवी मुंबईची हवा वाळवत बसेल. त्याआधी काहीशे रुपयांचं आर्द्रता मोजायचं मीटर घ्या. आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी सहसा डोकं वर काढत नाही, पावसाळ्यात ते कठीण आहे हे मान्य, ६५ पर्यंत आणलंत तरी फरक दिसेल. आणि बेडरूममध्ये कपडे वाळत घालणं बंद. पिळलेल्या एका बादलीतून दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं, ते शेवटी गादीत आणि भिंतीतच बसतं. एकच खोली कपड्यांसाठी ठरवा, तिथं पंखा लावा, बाकी दारं बंद.

प्रश्न (लेस्टर, इंग्लंड) : आम्ही भाड्याच्या घरात राहतो. थंडीत खिडकीच्या कडेला आणि बेडमागे बुरशी येते. घरमालक म्हणतो तुम्ही फार स्वयंपाक करता, पुसा आणि रंग लावा. दीड वर्षाचं बाळ आहे.

तुमच्याकडे वरचं खिडकीचं उत्तर उलटं होतं बरं का. तिथली थंडीतली हवा कितीही ओली वाटली तरी तिच्यात पाणी फार थोडं मावतं. ५ डिग्रीची पूर्ण ओली हवा घरात येऊन २० डिग्रीला तापली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत येते. म्हणून सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा, कुकर लावताना एक्झॉस्ट चालू आणि स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकीच्या वरची ती छोटी झडप कागदाने बंद केली असेल तर मोकळी करा. रेडिएटरवर कपडे टाकू नका. बेड बाहेरच्या भिंतीपासून लांब घ्या. आणि एकच खोली गरम, बाकी घर गार असं ठेवू नका, वाफ गार खोलीत जाऊन बसते.

पण मालकाचं 'रंग लावा' हे ऐकून मला खरंच राग आला. रॉचडेलला २०२० च्या डिसेंबरमध्ये अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं बाळ गेलं. त्याच्या वडिलांनी २०१७ पासून घरातल्या बुरशीची तक्रार केली होती, त्यांनाही रंग लावायलाच सांगितलं होतं. घरातल्या बुरशीमुळेच श्वसनाचा आजार होऊन तो गेला हे नोव्हेंबर २०२२ मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, स्पष्ट सांगितलं, आणि त्यातून त्याच्या नावाचा कायदा झाला. ऑक्टोबर २०२५ पासून सोशल हाउसिंगच्या, म्हणजे काउन्सिल किंवा संस्थांच्या कमी भाड्याच्या घरांच्या, घरमालकांना गंभीर ओल-बुरशीची तक्रार आली की १० कामकाजाच्या दिवसांत तपासणी आणि तातडीच्या धोक्यात २४ तासांत कारवाई बंधनकारक आहे. खासगी घरांनाही तो लावायची तरतूद भाडेकरूंच्या हक्कांच्या रेंटर्स राइट्स अ‍ॅक्टमध्ये केलीये. तुमचं घर खासगी असेल तरी मालकाला ईमेलवर लेखी कळवा, फोटो जोडा, बाळाचं वय लिहा, उत्तर नाही आलं तर काउन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ खात्याकडे जा. बाळाला घरघर किंवा रात्रीचा खोकला असेल तर जीपीला, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना, घरातल्या बुरशीचं आवर्जून सांगा, ते नोंदीत आलं पाहिजे. स्वयंपाक करणं हा काही गुन्हा नाही.

प्रश्न (गिरगाव) : आईच्या पैठणीवर पांढरे ठिपके आलेत. डांबराच्या गोळ्या घालून ठेवली होती तरी.

डांबराच्या गोळ्या कसरीसाठी, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही. आणि घरात तान्हं बाळ असेल तर त्या वासाचे कपडे त्याला अजिबात घालू नका, काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांना त्याने कावीळ आणि रक्त कमी होण्याचा धोका असतो.

पैठणी कोरड्या दिवशी गॅलरीत न्या, घरात झटकू नका. सावलीत पसरा, तासा-दोन तासांनी मऊ ब्रशने, मेकअपचा मोठा ब्रश असतो ना तसल्या, काठाच्या दिशेने हलकं हलकं झाडा. ओलं फडकं नको. डाग असताना इस्त्री तर मुळीच नको, डाग कायमचा बसतो. मग ड्रायक्लीनरकडे, आणि त्याला बुरशी आहे हे सांगून. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत नाही, धुतलेल्या मलमलमध्ये, आणि ते मलमल खळ न घातलेलं हवं कारण खळ म्हणजे बुरशीचं जेवण. तुमच्याकडे आजीची लोखंडी ट्रंक आहे म्हणताय, उत्तम, तिच्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून नवी घाला, नाहीतर जरीची तार घडीवर तुटते. भादव्याचं ऊन पडलं की सगळ्या साड्या एकदा बाहेर काढाच. कपाटात ठेवायचे ते पाणी ओढणारे डबे साड्यांच्या वर लटकवू नका, त्यातलं साठलेलं पाणी सांडलं तर कापड आणि जरी दोन्ही जातं.

प्रश्न (सावंतवाडी) : शेंगदाण्यांना हिरवट बुरशी आली, धुऊन भाजून वापरले तर चालतील का? पापडांचं काय?

नाही हो. टाकून द्या, गुरांनाही घालू नका. दाण्यांवर आणि मक्यावर येणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, ते लिव्हरला मारक आहे आणि भाजून, उकडून, तळून जात नाही. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी गावांत पावसाने भिजलेला बुरशीचा मका खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली होती. खायला दुसरं काही नव्हतं म्हणून खाल्लेला मका. आपल्यावर ती वेळ नाहीये, किलोभर दाण्यांसाठी जीव अडकवू नका. कडू लागलेला एखादा दाणा तोंडात आला तरी थुंकून टाकायचा. पापडाचं पण तेच, वरून पुसून तळू नका, पुढच्या वर्षी कडकडीत वाळवून हवाबंद डब्यात. लोणच्यावर तेल वर राहतंय ना एवढं बघत जा आणि चमचा कोरडा.

प्रश्न (विलेपार्ले) : वडील गेले. त्यांची तीन कपाटं पुस्तकं आहेत, बऱ्याच पुस्तकांच्या पानांच्या कडेला त्यांनी शाईच्या पेनाने टिपणं लिहिलीयेत. पावसात खोली बंद होती, आता पुस्तकांना बुरशी लागलीये. रद्दीत द्यायचं मन होत नाही.

देऊ नका. वेळ लागेल, पण बरीचशी वाचतील.

सगळी एकदम काढू नका. आधी निरोगी पुस्तकं वेगळ्या खोलीत हलवा. लागलेली पुस्तकं कागदी पिशव्यांत, प्लास्टिकमध्ये नाही, एका जागी. त्यातली हाताला दमट लागतात ती आधी घ्या : टेबलावर उभी करून पानं पंख्यासारखी थोडी उघडी, आणि खोलीत पंखा, पण पुस्तकांच्या अंगावर थेट नको. बुरशी ओली असते तोवर तिला हात लावायचा नाही, चोळली की कागदात जाते. दोन-चार दिवसांत ती कोरडी, पावडरीसारखी होईल, तेव्हा मास्क लावून, गॅलरीत, मऊ ब्रशने, पुठ्ठ्याच्या कण्याकडून बाहेरच्या कडेकडे. कडक उन्हात तासन् तास ठेवू नका, कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ पुरे. फार भिजलेलं एखादं पुस्तक लगेच वाळवणं जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, बुरशी मरत नाही पण वाढ थांबते आणि तुम्हाला वेळ मिळतो. कपाटं परत भराल तेव्हा भिंतीपासून पुढे ओढून, आणि पुस्तकं दाबून कोंबू नका, बोट जाईल एवढी फट ठेवा.

टिपणांच्या पानांना ओलं काही म्हणजे काही लावू नका, व्हिनेगर नाही, स्पिरिट नाही, ओला कापूस नाही, शाईच्या पेनाची शाई लगेच फुटते. पानं एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका, मधे जाईल तिथपर्यंत टिपकागदाची पट्टी सरकवा, रोज बदला, सुटतील तशी सुटू द्या. आणि सुरुवात करायच्या आधी त्या टिपणांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, एकेका पानाचे, आजच.